जोड्याचा रकाना

चाचा माणसाला ‘तू’ म्हणायचे आणि त्याच्या पायाला ‘तुम्ही’.

खुर्चीवर कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. तालुक्याचे साहेब असोत, क्लासचे नावाजलेले सर असोत की हदगावहून दोन गाड्या बदलून आलेली म्हातारी असो. चाचा खाली पाटावर बसत, पाय मांडीवर घेत आणि त्याला विचारत, “काय म्हणतात हुजूर? मागच्या वेळी तर बरे होते तुम्ही. आता रुसलात कशापायी?” वरून माणूस काही सांगू लागला की मान वर न करता म्हणत, “तू थांब जरा. मी यांच्याशी बोलून राहिलो.”

साहेबलोकांना आधी राग यायचा. नंतर बहुतेक जण हसायचे. पायाची एवढ्या अदबीनं कुणी विचारपूस केलेली नसते.

लातूरच्या आमच्या दवाखान्यात फक्त पाय बघतात. साखरेच्या आजाराचे पाय जास्त. त्याखेरीज कुरुपं, आत वाढलेली नखं, भेगा. डॉक्टर तरुण आणि बाहेर शिकून आलेले. चाचा डॉक्टर नव्हते. नांदेडच्या जुन्या वस्तीतले. वडील जोडे शिवायचे, हे सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना लातूरला आणलं. जखमा धुणं, नखं काढणं, कुरूप छिलणं हे काम त्यांचं. डॉक्टर स्वतः सांगत की चाचांच्या हाताला जे कळतं ते मला यंत्रावर दिसायला आठवडा लागतो. मी तिथं व्यवस्थापक. रजिस्टर, नंबर, औषधांचा साठा, साफसफाई, सगळं माझ्याकडे. अजूनही मी तिथंच आहे. चाचा नाहीत, आणि ते का नाहीत हे आत्ताआत्तापर्यंत फक्त मला माहीत होतं.

त्यांचा एक नियम होता. जोड्यात हात घातल्याशिवाय ते पेशंटला दारातून बाहेर जाऊ देत नसत. चप्पल असो, बूट असो, आधी उलटा करून तळ बघायचा, मग आत हात घालून बोटं टोकापर्यंत फिरवायची. “साखरेच्या पायाला मुका मार समजत न्हाई,” ते म्हणायचे. “आत खडा गेला तर पाय सांगत न्हाई. मग जोड्यालाच विचारावं लागतं.”

हा नियम त्यांनी दवाखान्यापुरता ठेवला नव्हता. आमच्या नर्सच्या लग्नाला आम्ही सगळे भोकरला गेलो होतो. जेवणाच्या पंगती चालू असताना मांडवाच्या दारात गलका झाला. चाचा चपलांच्या ढिगात उकिडवे बसलेले, एका हातात एक बूट, आणि नवऱ्याकडच्या एका धिप्पाड माणसानं त्यांचं मनगट धरलेलं.

“काय चाललंय म्हाताऱ्या? कुणाचा बूट लांबवतोस?”

“तुझा हाय का हा?”

“हाव, माझाच.”

“मग डाव्या टाचेची भेग दाखव. रगत येऊन राहिलं असंल.”

त्या माणसानं मनगट सोडलं नाही, पण दुसऱ्या हातानं मोजा खाली केला. टाचेला बोटभर भेग होती. लग्नाचा उरलेला वेळ चाचा मांडवामागं एका लोखंडी खुर्चीशेजारी बसून होते आणि समोर वऱ्हाडी रांग लावून उभे होते. चाचा जेवले सगळ्यांत शेवटी. मी परतीच्या गाडीत म्हटलं, “चाचा, चोर समजले ना तुम्हाला.” ते म्हणाले, “समजू दे की. भेग तर सापडली.”

लाज नावाची गोष्ट त्यांना नव्हतीच. ती सगळी माझ्या वाट्याला आली होती.

त्यांना मी पहिल्यांदा बघितलं ते भूकंपानंतर. मी कॉलेजला होते. औसा तालुक्यात एका गावाबाहेर तंबू पडले होते, मदतीचे ट्रक येत होते, आणि आमच्या कॉलेजची काही मुलं-मुली तिथं मोजदादीच्या कामाला होती. माणसं त्या पहाटे अनवाणीच बाहेर पडली होती आणि तशीच पडक्या भिंतींवरून आपली माणसं शोधत फिरली होती. ट्रकमधून जुन्या जोड्यांचा ढीग उतरला. माझ्या हातात वही होती. पुरुषांचे, बायकांचे, लेकरांचे असे तीन रकाने आखून मी मोजत होते. ढिगाच्या पलीकडं एक काळासावळा माणूस बसून एकेका जोड्यात हात घालत होता. सरकारी ड्रेसर आहे, एवढं कुणीतरी सांगितलं.

“काय लिहून राहिली, बेटी?”

“किती जोड आले ते.”

“आत काय हाय ते लिहिलं का?”

“आत काय असणार?”

त्यांनी मूठ उघडून दाखवली. एक वाकडा खिळा, काचेचे दोन तुकडे, आणि लहान मुलाच्या बुटातून निघालेलं खेळण्यातल्या मोटारीचं चाक. “ह्ये बी लिही,” ते म्हणाले.

मी लिहिलं नाही. माझ्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

पुढं कितीतरी वर्षांनी नोकरीसाठी त्या दवाखान्यात गेले, तेव्हा चाचा कुणाचा तरी पाय पुसत होते. मी शेजारून गेले. त्यांनी वर पाहिलं नाही. “अंगठ्याशेजारचं बोट लांब,” ते म्हणाले. “तू ती वहीवाली पोरगी.” तोंडावरून ते कुणालाच ओळखत नसत. रस्त्यात कुणी सलाम केला की त्यांची नजर आधी खाली जायची, मग सलाम परत यायचा.

चाचांच्या खिशात काडेपेटीच्या काडीला बांधलेला नायलॉनचा दोरा असे. डॉक्टरांनी परदेशी दोरा आणला होता, चाचा तो जपून ड्रॉवरमध्ये ठेवत आणि आपलाच वापरत. पेशंटला डोळे मिटायला सांगायचे आणि दोऱ्याचं टोक तळपायाला जागोजागी टेकवायचे. लागलं की पेशंटनं हाव म्हणायचं. जिथं हाव येत नाही तिथली जाण गेली.

एकदा क्लासचे एक सर आले होते. फिजिक्स शिकवायचे, दिवसाचे दहा तास उभे. डोळे मिटून ते म्हणू लागले, “हाव. हाव. हाव.”

“मी अजून दोरा उचललाच न्हाई,” चाचा म्हणाले.

सरांनी डोळे उघडले. बाहेर बसलेली त्यांचीच दोन मुलं तोंड दाबून हसत होती.

“तुझ्या वर्गातली पोरं असंच करत असतील. समजलं का म्हणलं की हाव.” मग पायाला म्हणाले, “माफ करा हुजूर. मालकाला भ्या वाटून राहिलं.”

सगळ्यांत जास्त माणसं याच ठिकाणी खोटं बोलतात, असं चाचा सांगायचे. जाण गेली हे कबूल करायचं नसतं. त्यांच्या बोलण्यात राग नसे. मी ते ऐकलं होतं आणि विसरले होते.

क्लासेस वाढले तसे आमचे पेशंट वाढले. दहावी झाली की नांदेडकडची, परभणीकडची मुलं लातूरला येत होती. एकेका खोलीत चौघं, वर पत्र्याच्या खोल्या, खाली मेस. मुलांची नखं नव्या घट्ट बुटांनी आत वाढायची, कारण वडिलांनी एकच जोड घेऊन दिलेला असायचा आणि दोन वर्षं पुरवायचा असायचा. मेसवाल्या बाया सकाळपासून ओट्याशी उभ्या. शिकवणारे फळ्याशी उभे. सगळं गाव कुणाच्या तरी परीक्षेसाठी उभं होतं म्हटलं तरी चालेल, आणि ते पाय आमच्याकडे यायचे.

गर्दी आवरायचं काम माझं. रुजू झाल्यावर महिन्याभरात मी सुधारणांची यादी डॉक्टरांपुढं ठेवली. नंबराचे बिल्ले. जुन्या-नव्या पेशंटचे वेगळे दिवस. आणि चौथ्या ओळीत, चपला बाहेर. दाराशी मांडणी, मांडणीला क्रमांक, बिल्ल्याचा आणि कप्प्याचा नंबर एकच. आत चिखल येणार नाही, जखमांच्या जागी धूळ येणार नाही. डॉक्टर म्हणाले, उत्तम.

चाचा पाटावरून उठून माझ्या टेबलाशी आले. असे ते कधी येत नसत.

“पायाच्या दवाखान्यात जोडा बाहेर? मग आत काय बघायचं?”

“पाय.”

“पाय तर फिर्यादी हाय, बेटी. मुजरिमाला तू बाहेर बसवून राहिली.”

डॉक्टर हसले. शेवटी मधला मार्ग मीच काढला. पेशंट बाहेर जोडा काढताना मी तो तपासायचा आणि रजिस्टरमध्ये तसा शेरा मारायचा. मी रजिस्टरला नवा रकाना आखला. वर लिहिलं, जोडा.

“डोळ्यानं न्हाई,” चाचा म्हणाले. “हात घालणार का?”

“घालीन, चाचा.”

“मग ठीक हाय.” ते परत जाऊन बसले. माझ्या शब्दावर त्यांनी आपला आयुष्याचा नियम सोडला, हे तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, चला, चौथी ओळ झाली.

पहिले पंधरा दिवस मी हात घातला. प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून. ओल्या मोज्यांचा वास, चामड्याचा वास, आत साचलेली माती. मग एके दिवशी आमच्या कॉलनीतल्या एक बाई आईला घेऊन आल्या. मी खाली बसून एका बुटात मनगटापर्यंत हात घातलेला. त्या म्हणाल्या, “अगबाई, लोकांचे जोडे पण तुम्हालाच बघावे लागतात का?”

“छे हो,” मी म्हटलं. “कप्प्याचा नंबर बघत होते.”

त्या दिवसापासून मी नुसतं बघू लागले. मांडणीवरून नजर फिरवायची आणि बरोबरची खूण करायची. नंतर तेही राहिलं. सकाळी दवाखाना उघडला की रजिस्टरचं नवं पान घ्यायचं, क्रमांक टाकायचे, आणि त्याच हातानं जोड्याचा रकाना खालपर्यंत भरून टाकायचा. पेशंट यायच्या आधीच. वेळ वाचायचा. पान नीटनेटकं दिसायचं.

मी स्वतःला सांगायचे की हा स्वच्छतेचा प्रश्न आहे. खरं एवढंच होतं की लोकांच्या जोड्यात हात घालणारी बाई म्हणून मला कुणी पाहायला नको होतं. चाचांचे वडील ज्या कामावर जगले, त्या कामाची मला लाज वाटत होती, आणि मी रोज चाचांच्या समोर बसून त्यांनी आणलेली खारी चहात बुडवून खात होते.

मेसवाल्या मावशी रेणापूरच्या. नवरा नव्हता, मुलगी नर्सिंगला. लातुरात एका इमारतीच्या खालच्या मजल्यावर त्या मेस चालवायच्या. सकाळी पोहे, दुपारी आणि संध्याकाळी डबे. साखर जुनी. तळपायाची जाण जवळजवळ गेलेली. त्या रबरी सपाता घालून उभ्या राहायच्या, म्हणून चाचांनीच त्यांना बजावलं होतं, “बंद जोडा घाल. उकळतं पडलं तर समजणार बी न्हाई तुला.” वरच्या खोलीतला एक मुलगा कापडी बूट सोडून गेला होता, ते मावशींनी घातले. तळ झिजलेला, पण पायाला बसणारे.

एक दिवस त्या अंगठ्याच्या बुडाशी जखम घेऊन आल्या. चाचांनी धुतली, पट्टी केली. आठवड्यानं बघितलं तर भरली नव्हती. पुन्हा आठवड्यानं थोडी खोल गेलेली. चाचा तिसऱ्या खेपेला बराच वेळ त्या पायाशी बोलत होते. “सांगा ना हुजूर. कोण त्रास देऊन राहिलं तुम्हाला?” मग त्यांनी मला हाक मारली.

“बेटी, हिचा जोडा बघितला का?”

“बघितला, चाचा.”

“ह्ये घासल्यासारखं न्हाई. टोचल्यासारखं हाय. रोज एकाच जागी.” ते गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. “मीच बघतो एकदा.”

बाहेर गर्दी होती. ते मांडणीपाशी गेले तर सगळ्यांसमोर माझं काम पुन्हा तपासल्यासारखं दिसलं असतं. माझ्या हातात रजिस्टर होतं. मी ते त्यांच्यापुढं धरलं.

“हे बघा, खूण आहे. मी स्वतः हात घालून बघितलाय. माझ्यावर विश्वास नाही का, चाचा?”

त्यांनी रजिस्टरकडं पाहिलं नाही. माझ्या पायांकडं पाहिलं. “हाय की,” ते म्हणाले आणि परत पाटावर बसले.

मावशी खुर्चीवरून म्हणाल्या, “मॅडम लई टापटिपीच्या हाईत, चाचा. त्यांची चूक व्हायची न्हाई.”

पाचव्या खेपेला अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी त्याच दुपारी मावशींना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ऑटो दारापर्यंत आणला, पायाला जाड पट्टी, दोघांनी धरून बसवलं. बूट मांडणीतच राहिले. आधी अंगठा काढला, दहा दिवसांनी पुढचं अर्धं पाऊल. मेस बंद झाली आणि मावशी रेणापूरला परत गेल्या.

मावशींना पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडणी पुसताना सतराव्या कप्प्यात मला ते कापडी बूट दिसले. कशासाठी ते मला सांगता येणार नाही, पण मी उजव्या बुटात हात घातला. पिशवी न गुंडाळता. बोट झटकन मागं आलं. रक्ताचा थेंब होता.

ड्रॉइंग पिन होती. वेळापत्रक भिंतीला लावायला मुलं वापरतात ती, पसरट डोक्याची. डोकं तळाला रुतलेलं, वर मातीचा थर, आणि टोक झिजलेल्या तळातून आत आलेलं. बूट उलटा केला असता तर दिसली असती. हात घातला असता तर टोचली असती. मला टोचली. मावशींना टोचली नव्हती, म्हणून तर त्या आमच्याकडे येत होत्या.

मी ती उपटली, कागदात गुंडाळली आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये मागं सरकवली. बूट धुऊन वाळवले आणि मावशींच्या मुलीकडं पाठवून दिले. हे सगळं मी नीट, क्रमानं केलं.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. रागावले नाहीत, फक्त कुठं चुकलं ते समजून घ्यायचं होतं. त्यांनी माझं रजिस्टर उघडलं, पाचही तारखा बघितल्या. पाचही ठिकाणी खूण. “नोंदी तर चोख आहेत,” ते म्हणाले. “मग जखम का चिघळली?”

मी उभी होते. बोलायची जागा तीच होती, आणि ती दोन-तीन मिनिटं रिकामी होती.

चाचा म्हणाले, “माझा हात चुकला, डॉक्टरसाब. मला टोचल्यासारखं वाटलं. टोचणारं तर काय नव्हतं तिथं. दुसरं काहीतरी असंल, ते मला समजलं न्हाई.” त्यांनी दोन्ही तळवे पुढं करून बघितले. “हाताची जाण गेली.”

डॉक्टर म्हणाले, तसं नसतं, एखादी केस अशी होते. चाचांनी ऐकून घेतलं. चार दिवसांनी त्यांनी आपली पाती, चिमटे, कात्री उकळत्या पाण्यातून काढून कापडात गुंडाळली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मावशींच्या मुलीला भेटून “माझ्या हातून झालं, माफ कर,” असं सांगून आले, हे मला नर्सकडून कळलं. मग ते नांदेडला गेले. जाताना मला म्हणाले, “मांडणी चालू ठेव, बेटी. तुझं काम चांगलं हाय.”

यानंतरची चार वर्षं मी प्रत्येक जोड्यात हात घातला. खूण नंतर. त्यात काही मोठेपणा आहे असं मला वाटत नाही. ते फक्त सांगून ठेवते.

मागच्या वर्षी माझीच साखर निघाली. चाचांच्या जागी आलेल्या नव्या मुलीनं मला त्याच खुर्चीवर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. दोरा कुठं लागेल याकडं माझं सगळं लक्ष. “हो,” मी म्हटलं. “हो.”

“मॅडम, मी अजून लावला नाही,” ती म्हणाली.

त्याच रविवारी मी कागदातली पिन पर्समध्ये घातली आणि नांदेडची गाडी धरली.

चाचांचं घर जुन्या वस्तीत, गल्लीच्या टोकाला. उंबऱ्याबाहेर चार-पाच जोड काढलेले होते, तिथंच मी माझ्या चपला काढल्या. सुनेनं दार उघडलं. चाचा खाटेवर बसून रेडिओचं झाकण लावत होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

“ओळखलं का, चाचा?”

“आवाजावरून. बस, बेटी.”

सून चहा ठेवता ठेवता म्हणाली, “आता कुणाचे पाय बघत न्हाईत. गल्लीतली म्हातारी माणसं येतात, हात जोडून माघारी धाडतात. नातवाच्या पायात काटा गेला तरी दवाखान्यात पाठवला.”

मी येताना काय काय बोलायचं ते गाडीत मनाशी लावून ठेवलं होतं. त्यातलं काही बोलले नाही. कागद उलगडून पिन खाटेवर ठेवली आणि म्हटलं, “ही मावशींच्या बुटात होती. उजव्या. मी कधीच हात घातला नव्हता. खुणा सकाळीच करून ठेवायची.”

चाचांनी पिन उचलली. अंगठा आणि बोटात धरून टोक बघितलं. अंगठ्याच्या पेरावर हळूच दाबलं.

“अंगठ्याच्या बुडाला?”

“हो.”

“टोचल्यासारखं म्हणलं होतं मी.”

“हो, चाचा.”

ते पिन तशीच अंगठ्यावर टेकवून बसले. मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ दे. खरं तर मी त्यासाठीच आले होते.

“चार वर्षं,” ते म्हणाले. “रोजचे किती पाय होते आपल्याकडं? तू यादीवाली. तूच सांग, किती पाय मी माघारी धाडले.”

मी पिनेच्या कागदाची घडी घालू लागले.

“तिला सांगितलं का?”

“मावशींना? नाही अजून.”

“मग इकडं आधी कशी आलीस? पाय तिचा गेला.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी रागावणार न्हाई वाटलं तुला.”

ते खरं होतं. मी मान खाली घातली आणि पर्समधून डायरी काढली. सवयीनं. पेन उघडलं आणि उद्याच्या पानावर ‘रेणापूर’ एवढं लिहायला गेले.

“लिहू नको,” चाचा म्हणाले. “लिहिलं की झालं वाटतं तुला. जा.”

मी डायरी मिटली. चहा तसाच राहिला. मी उठले तसे चाचाही काठी न घेता उठले आणि माझ्या मागोमाग दारापर्यंत आले. उंबऱ्याशी ते थांबले, गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. सुनेची चप्पल ओढली, उलटी केली, तळ बघितला, आत हात घालून बोटं टोकापर्यंत फिरवली. बाजूला ठेवली. मग नातवाचे शाळेचे बूट, एक, दुसरा. दुसऱ्यातून बारका खडा निघाला, तो गटारात टाकला. घरातून सून बघत होती. तिच्या हातातली बशी तशीच होती.

मग माझ्या चपला आल्या. चाचांनी त्या दोन बोटांनी उचलल्या आणि हात न घालता माझ्यासमोर ठेवल्या.

“तुमच्या तुम्ही बघा, मॅडम.”

ते शेजारचा जोडा घेऊन पुन्हा कामाला लागले. मी गल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, पायरीवर बसले. एक चप्पल उलटी केली. आत हात घातला. काही नव्हतं. मग दुसरीत घातला.